जय तळेटी

कार्तिकी पौर्णिमेला पालिताणे रात्रीच जागे होते. चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा सुरू होते. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांवर अंधारातच यात्रिकांची रांग लागते. काठ्यांचा ठकठकाट आणि डोलीवाल्यांच्या हाका वरवर विरत जातात.

रांग पुढे सरकते, तरी जय तळेटीपाशी काहीजण मागे राहतात. पुण्याच्या भवानी पेठेतील एका धान्यव्यापाऱ्यांच्या पत्नी त्यांपैकीच. तरुणपणी त्यांनी नव्वाणू यात्रा केली होती. आता बारा वर्षे संधिवाताची सोबत आहे. सकाळी तासभर मूठ मिटत नाही. गोळी उपाशीपोटी चालत नाही, आणि गिरिराजावर तर अन्नाचा कणही घ्यायचा नाही. मुलाने डोली ठरवली होती. आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला बाईंचे मन धजेना. मुलगा रागावला, आणि त्याचे म्हणणेही खोटे नव्हते : डोलीवाल्याची चूल याच यात्रेवर पेटते. शेवटी तो सुनेसह वर गेला.

तळेटीचे चैत्यवंदन आटोपून बाई डोळे मिटतात. पुढची चार भावानेच करायची : शांतिनाथ, आदीश्वरदादा, रायणपगला, पुंडरीकस्वामी. हिंगलाजच्या हड्यापर्यंत मन नीट चढते. तेथे मनगटात कळ येते आणि वाट हरवते. मग पुन्हा पहिली पायरी. हे तीनदा होते.

पूर्वी त्यांना गोळी घेतानाही अपराधी वाटे. व्याधी म्हणजे असातावेदनीय कर्माचा उदय, हे पाठ होते; पण त्याचा अर्थ त्या स्वतःला बोल लावणे एवढाच करीत, आणि तपाच्या हट्टाने औषध चुकवून सांधे अधिक सुजवून घेत. एकदा एका साध्वीजींनी विचारले, “औषधदान पुण्य मानता ना? मग घेणाऱ्याला पाप कसे लागेल?” तेव्हापासून उपवासाऐवजी नवकारशी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होताच धर्मशाळेत परतून खाखरा आणि गोळी. मग पुन्हा तळेटी.

दुपारी सून उतरते, हातात भातुं. पाय भरून आलेले, चेहरा फुललेला. आपण जाऊन आलो आणि सासूबाई राहिल्या, या संकोचाने ती काहीच बोलत नाही. बाईच तिला शेजारी बसवून घेतात.

“दादांची आंगी कशी होती? आणि रायणीखाली सावलीत बसलीस की नाही?”