फालशाचं धनुष्य

सातारा

प्रिय सई,

आईबरोबर पाठवलेलं धनुष्य कुठल्या झाडाचं, असं तू विचारलंस. सांगलीच्या घरामागे विहिरीजवळ फालसा आहे ना, त्याचं. मे महिन्यात त्याची जांभळी, आंबटगोड फळं खाऊन तुम्ही पोरं जीभ रंगवायचात. आता परसात फालसा क्वचितच दिसतो. फळ तोडल्यावर जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, मग बाजारात जाणार कसं आणि झुडूप लावणार कोण?

लाकूड मात्र चिवट आणि लवचीक. पूर्वी त्याची धनुष्यं, भाल्यांचे दांडे, खांद्यावरच्या कावडी करत. आपल्या सह्याद्रीतली धामण याच्याच कुळातली, तिचे अवजारांना दांडे घालतात. फालशाला फळ नव्या फुटीवर धरतं, म्हणून दर हिवाळ्यात छाटतात आणि बुंध्यातून सरळसोट फोक येतात. आजी गेल्यावर छाटणी राहिली आणि एक फोक मनगटाएवढा झाला.

धनुष्याचं वेड लागलं ते ऑगस्ट 2023 मध्ये. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण! साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळेही त्याच दिवशी जिंकला. किती आनंद झाला म्हणून सांगू! त्यांची धनुष्यं आधुनिक, टोकांना चाकं असलेली. मला मात्र साधं लाकूड वाकतं कसं, ते हातानं समजून घ्यायचं होतं.

पानं गळल्यावर फोक तोडला, टोकांना फेविकॉल फासला आणि सावलीत वाळवला. उन्हात टाकला असता तर तडकला असता. मग खरं काम. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. म्हणून बाहेरून फक्त साल काढायची, लाकडाचा एकही धागा कापायचा नाही. कापलेल्या धाग्यापाशीच ते मोडतं. सगळी तासणी आतून. तीही बेतानं, कारण जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, म्हणजे जरासं जास्त तासलं तरी ती जागा लुळी पडते. आधी रंधा, मग कानस, शेवटी काचेचा तुकडा. थोडं ओढून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचं, ताठ जागी पेन्सिलीची खूण करून तिथलंच खरवडायचं. हा भाग मला सगळ्यात आवडला. दुकानातलं कुठलंच धनुष्य मला आता इतकं ओळखीचं वाटत नाही.

आता नीट वाच. बाण न लावता दोरी ओढून कधीच सोडू नकोस, सगळा धक्का लाकडाला बसतो. काम झालं की दोरी उतरवून ठेव. आणि तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर चालतो, त्याच्याजवळ ते टांगू नकोस, फार सुकलं तर ठिसूळ होईल. अधूनमधून जवसाचं तेल चोळ.

तुझा,
मामा