मिसेस काशीकरांचा हात

तौलनिक निबंधातला ‘साम्य’ हा भाग तपासायला काही लागत नाही. इब्सेनची नोरा आणि तेंडुलकरांची बेणारे या दोघी पुरुषसत्तेच्या बळी आहेत, हे वाक्य वडप्याच्या बाईंनी इतक्यांदा वाचलंय की तिथे पेन थांबतच नाही. अडतं ते पुढे. दोघी बळी, तर एक दार आपटून निघून जाते आणि दुसरीला दाराला बाहेरून कडी लागलेली सापडते, हे कसं?

बाई भिवंडीकडे मराठी शिकवतात. राहायला वडप्यात, नाशिक हायवेलगत. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिलीत आणि कंटेनरची घरघर रात्रीही थांबत नाही. पेपर तपासणं त्या आवाजातच चालतं. यंदाच्या गठ्ठ्यातल्या एका निबंधाने मात्र त्यांची शेरे मारायची रीतच बदलून टाकली.

लिहिणारी मुलगी जवळच्याच गावातली, आगरी घरातली. सुरुवात चारचौघींसारखी : १८७९चं ‘अ डॉल्स हाउस’, १९६७ साली रंगमंचावर आलेलं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, नोराचा नवरा हेल्मर, खोट्या कोर्टाचे न्यायाधीश काशीकर, सत्ता. मग मध्येच एक वाक्य : पगार बेणारेला आहे, नोराला नाही, तरी बाहेर पडते ती नोरा. बाईंनी समासात खूण केली. कमावती झाली की बाई सुटली, हे गाईडातलं सूत्र तेवढ्याने निकालात निघतं. नोराने कर्जासाठी वडिलांची खोटी सही केली, नवऱ्याच्या नकळत नकला उतरवून पैसे जमवले, हप्ते फेडले. पत्रपेटीची किल्ली मात्र हेल्मरकडे. बेणारे शिक्षिका, कामात जीव असलेली, आणि नेमकी ती नोकरीच काढून घ्यायला निघालेत सगळे.

इथून निबंध एकदम लग्नाच्या मांडवात शिरतो. मुलीची आजी धवलारीण. तिने धवळे म्हणायचे, विधी पुढे न्यायचे, कुठल्या वेळी काय करायचं ते सांगायचं. मांडवात तिचा शब्द पुरुषही खाली पडू देत नाहीत. पाहुणे पांगले की आजी पुन्हा चुलीपाशी. गोदामवाल्याला जमीन द्यायची बोलणी झाली तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अशा मजकुराचं काय करायचं, यावर बाईंचं ठाम मत आहे. काही सहकारी ‘स्वानुभव’ म्हणून भरघोस गुण देतात, काही अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून सरळ काट मारतात. बाईंच्या मते दोन्ही आळसच. आजी खरी आहे म्हणून गुण नाहीत. आजीमुळे नाटक वेगळं वाचलं गेलं असेल, तर आहेत.

आणि इथे ते वाचलं गेलं होतं. मिसेस काशीकरांना नवरा चारचौघांत गप्प बसवतो. पण बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात जायला नकार देते, तेव्हा तिला ओढत नेणारा हात त्यांचाच. मुलीने लिहिलं होतं : आजीला मांडवापुरती आणि मिसेस काशीकरांना कोर्टापुरती सत्ता उसनी मिळते.

बाई या वाक्याभोवती कितीतरी दिवस घुटमळल्या. आजीची सत्ता उसनी कशी? धवळे तोंडपाठ करायला वर्षं जातात, ती विद्या आहे. मिसेस काशीकरांचा जोर नवऱ्याच्या न्यायाधीशाच्या खुर्चीतून येतो. शिवाय इब्सेनकडेही असा एक हात आहे. नोराला कर्ज देणारा क्रोगस्टाड तिची खोटी सही उघडी करणारं आपलं पत्र परत मागायला तयार होतो. त्याला थांबवते ती नोराचीच मैत्रीण, मिसेस लिंडे. तिचा तर निबंधात उल्लेखच नव्हता.

आपल्या शेऱ्यांचे फोटो मुली एकमेकींना पाठवतात, हे बाईंना ठाऊक आहे आणि आवडतंही. या निबंधासाठी त्यांना तीन हातांवर एक झकास परिच्छेद सुचला होता. तो लिहिला असता तर मुलगी खूश झाली असती, वर्गात कौतुक झालं असतं, आणि विचार बाईंचा ठरला असता. त्यांनी तो आपल्या वहीत उतरवला, निबंधावर लिहिला नाही. हा मोह आवरणं त्यांना आजही जड जातं.

मुलीला बोलावलं. तिने आधी विचारलं, “मॅडम, आजीचं काढू का?”

“राहू दे. आजी धवळे कुणाकडून शिकली?”

“तिच्या आत्याकडून.”

“मग ते उसनं कुणाकडून घेतलं?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग निबंध परत मागून घेतला.

या निबंधात निदान एक खरी बाई होती. आजकाल बहुतेक निबंध ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ने उघडतात, १८८२ हे साल बरोबर असतं, पुस्तक उघडलेलं नसतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी झालेली शिक्षा आणि त्यावरून बायकांवर उठलेली झोड, यातून बुलढाण्याच्या ताराबाई पेटून उठल्या. समोर एक खटला होता, एक बाई होती. आता समोर फक्त ‘व्यवस्था’ असते. बाईंना याचा मनापासून राग येतो.

त्या दिवशी मुलगी निघताना बाईंनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. हेडविग नीमान-राबे या जर्मन नटीने मुलांना सोडून जाणारी नोरा करायला नकार दिला, म्हणून १८८०मध्ये इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. आणि बेणारेचं गाजलेलं स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून लिहिलं. सुलभा देशपांडे यांनी ते अजरामर केलं. त्या स्वगताच्या वेळी कोर्टातली माणसं थिजलेली असतात, त्यांच्या कानी त्यातला शब्दही जात नाही.

दुसऱ्या खेपेला ‘उसनी’ हा शब्द आजीच्या परिच्छेदातून गेला होता, मिसेस काशीकरांच्या राहिला होता. आजीबद्दल आता लिहिलं होतं की विद्या तिची, पण ती कुठे चालेल हे ठरवणारे दुसरे. मिसेस लिंडे नव्याने आली होती : ती मैत्रिणीच्या भल्याचं ठरवते, मैत्रिणीला विचारत नाही, म्हणून तिचा हातही ओढणाराच. बाईंनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मुलीने वापरल्याच नव्हत्या. त्यांची गरज नव्हती, आणि हे तिला कळलं याचा बाईंना आनंद झाला.

लिंडेबद्दलचं म्हणणं बाईंना पटलेलं नाही. लिंडेला नवराबायकोतलं खोटं संपायला हवंय, मिसेस काशीकरांना बेणारे संपायला हवीय. हे दोन हात एक नव्हेत. पण मुलीने मुद्दा संवादासंवादाने उभा केलाय. बाईंनी वीसपैकी सतरा दिले आणि समासात लिहिलं : मान्य नाही, तोंडी परीक्षेला भांडू.