न्यूट्रलमध्ये टाकली तरी

मुदीराने, म्हणजे आमच्या साहेबाने, सपाट पाठीची नवी गाडी घेतली आणि माझी हुकाची बुटकी क्रेन कुवेतच्या अर्दिया हिरफियातल्या गॅरेजच्या भिंतीला लागली. नवी गाडी चालवणारा माझा भाचा खूश आहे. बंद पडलेली मोटार विंचने वर ओढायची, चारी चाकं पट्ट्यांनी आवळायची, झालं. ती पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, याची चौकशीच नको. मला सलतं ते हेच.

हुकावर सगळा खेळ त्या चौकशीचा. कॅप्रिस मागच्या चाकांची. ती मागून उचलायची, स्टिअरिंग सरळ बांधायचं. पुढून उचलून फरफटत नेणारे इथे पैशाला पासरी. ‘न्यूट्रलमध्ये टाक’ एवढीच त्यांची विद्या. अरे, न्यूट्रलने इंजिन सुटतं, चाकं कुठे सुटतात? ती शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचं पोट ढवळतो, आणि ऑटोमॅटिकचा तेलपंप चालतो इंजिनावर, म्हणजे तो बंद. दाणे न घालता जातं ओढावं तसं आत कोरडं घासत राहतं. शाफ्ट खोलून न्यावी, तर तेवढा धीर कुणाला?

तरी कॅप्रिस सोपी. माझं डोकं खाल्लं ते चारी चाकांवर चालणाऱ्यांनी. पुढची उचलली की मागची फिरतात आणि मधल्या कपलिंगचं वाटोळं होतं. बरं, बाहेरून कळेल तर शपथ. एक्सप्लोरर 2011च्या मॉडेलपासून मुळात पुढच्या चाकांची, 2020पासून मुळात मागच्या. चारी चाकांची दोन्हींत मिळते. नाव मात्र एकच. मालकाला विचारावं तर म्हणतो, ‘फुल ऑप्शन’. मागचा बिल्ला कुणी काढलेला, कुणी हौसेने चिकटवलेला. मग पुठ्ठा टाकून पाठीवर आत सरकायचं. जुलैत डांबर पुठ्ठ्यातूनही भाजतं. बॅटरी मारून बघायचं: मागे डिफरन्शियलचा गोळा आहे का, त्यात शाफ्ट शिरतो का, पुढच्या चाकांच्या आत रबरी बूट दिसतात का. दोन्हीकडे सापडलं तर उरलेल्या चाकांखाली डॉली.

खरं तर पुष्कळदा मला आधीच ठाऊक असायचं. पण बघे जमले की मी हमखास खाली शिरायचो. अंग झटकत उठून निकाल सांगण्यातला तोरा पगारात मिळत नाही.

“मामा, चारी उचलली की प्रश्नच मिटला,” भाचा म्हणतो. खरंय त्याचं. पण परवा सालमियातल्या एका बेसमेंटच्या तोंडाशी त्याची उंच गाडी अडली. आत हायब्रीड, तिची ओढती चाकं फिरली की मोटर वीज करू लागते. त्याने मला फोन लावला. मी मुद्दाम जरा वेळ वाजू दिला.