अस्तर

आमच्या गाडीच्या डाव्या दाराला आतून पोट सुटले होते. रेक्झिन फुगून पुढे आलेले, खालची कड भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटलेली आणि काच खाली करायच्या हँडलभोवती बुरशीचा काळा गोल. गाडी मारुती ८००, २००८ची. आम्ही ती जुनीच घेतली, पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतले, आणि अजून ती आम्हाला खर्ड्याहून जामखेडला मुकाट्याने नेते-आणते. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आले आणि २०१४ मध्ये बनायचे बंद झाले, तेव्हा दाराचे नवे बोर्ड सहज मिळतील अशी आशा नव्हती. नगरच्या एका दुकानात चार दारांचे साडेचार हजार सांगितले. मिस्टर म्हणाले, "राहू दे, दार बाहेरून तर चांगलं दिसतं ना."

मला मात्र लाज वाटत होती. माझ्या अब्बांनी खर्ड्यात जवळजवळ तीस वर्षे कुशनचे दुकान चालवले. जीपची हुडे, ट्रॅक्टरच्या सीटा, रिक्षाचे टप, मोटारसायकलची कव्हरे. बाहेरच्या लोकांना खर्डा १७९५च्या लढाईमुळे आणि किल्ल्यामुळे माहीत असतो. मी लहानपणी समजायचे की तो अब्बांच्या दुकानामुळे माहीत आहे. अशा माणसाच्या मुलीच्या गाडीचे दार असे!

अम्मी गेल्यापासून अब्बा आमच्याकडेच असतात. वय चौऱ्याहत्तर. हातांना कंप आहे. घराबाहेर पडतात ते फक्त जामखेडला डॉक्टरांकडे जायला. डाव्या सीटवर बसतात आणि पूर्ण रस्ताभर अंगठ्याने तो फुगलेला बोर्ड दाबत राहतात. बोलत काही नाहीत.

त्यांनी मला त्यांचे काम कधी शिकवले नाही. शाळेतून सुटल्यावर मी डबा घेऊन दुकानात जायची. कात्रीला हात लावला की म्हणायचे, "ये हात किताब के वास्ते हैं, रख दे." मी पुस्तक धरले, बीएड केले, आज उर्दू आणि मराठी शिकवते. हा हुनर आपल्याबरोबर संपावा असे त्यांनी ठरवले होते आणि मीही ते मान्य केले होते. खरे सांगायचे तर त्यात माझी सोय होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी जामखेडहून रेक्झिन, पातळ फोम आणि हार्डबोर्ड आणला. घरीच करायचे ठरवले. अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. मी दाराचा दिसेल तो स्क्रू काढला आणि पेचकस घालून बोर्ड उचकटायला लागले.

"नक्को!"

इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकला नव्हता. काचेचे हँडल आधी निघायला हवे होते, आणि त्याला स्क्रू कुठे दिसत नव्हता. अब्बांनी एक चिंधी मागितली. मी जुन्या ओढणीची पट्टी फाडून दिली. ती हँडलच्या मागच्या फटीत घालून दोन्ही टोके धरून पुढे-मागे ओढायची, बूट पुसतात तशी. चौथ्या ओढीला आतली तारेची क्लिप टणकन उडाली आणि हँडल हातात आले. (ती क्लिप अंगणात कुठे गेली ते शोधायला अर्धा तास लागला. तुम्ही करणार असाल तर दुसऱ्या हाताने वर फडके धरा.) मग कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून सोडवल्या. जुन्या झालेल्या असतात, चार तुटल्याच.

बोर्ड निघाल्यावर मी फाटक्या रेक्झिनकडे बघत होते. अब्बा म्हणाले, "सामने का नक्को देख. पीछू क्या है वो देख."

मागे उघडा पत्रा होता आणि त्याच्या भोकांच्या कडेला काळ्या चिकट डिंकाला लटकलेल्या प्लास्टिकच्या चार चिंध्या. तेव्हा मला सगळे समजले. गाडीच्या दारात पाणी जातेच, ती बिघाडाची गोष्ट नाही. काचेवरून ओघळलेला पाऊस रबराच्या पट्टीतून दाराच्या पोटात उतरतो आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतो. पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा कागद असतो. त्याचे काम एवढेच, की पाणी बोर्डाला लागू द्यायचे नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात काच वर होत नव्हती म्हणून दार उघडले होते. काच नीट झाली. कागद मात्र फाडून काढला आणि तसाच फेकला. कुणाला दिसणार होते? हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला पुठ्ठा. पावसाळे प्यायला आणि फुगला. वरून कितीही भारी रेक्झिन लावले असते, तरी पुढच्या पावसात हेच झाले असते.

अब्बांनी विचारले, "अस्तर कुठे आहे?" ते त्या कागदाला अस्तर म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवते, तरी हा शब्द इतका निरखून कधी पाहिला नव्हता. फारसीतून उर्दूत आला, मराठीतही तोच. शेरवानीच्या आतले कापडही अस्तर, आणि रंगाआधी भिंतीला देतात तो पहिला हातही अस्तर. पुढे प्लास्टिक रंगवताना हा दुसरा अर्थही मला महागात पडला.

अस्तरासाठी मी शेतातला मल्चिंग पेपर आणला. अब्बांनी तो दोन बोटांत चोळून परत दिला: पातळ, एका वर्षात फाटेल. शेवटी शेजाऱ्यांकडून खताच्या गोणीच्या आतली जाड पिशवी आणली, धुतली, कापली आणि पत्र्याला चिकटवली. खालची कड मात्र पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळलेले पाणी पुन्हा दाराच्या पोटात जाते. ती कड बाहेर राहिली तर सगळे पाणी बोर्डाच्या पायाशी येते. तळाची भोके चिखलाने बुजली होती. अम्मीच्या सुयांच्या डबीतला दाभण घेऊन ती मोकळी केली.

नवा बोर्ड जुन्यावर ठेवून कापला, भोके पाडली, मागच्या बाजूला आणि कडांना ऑइलपेंटचा हात दिला. दुसऱ्या दिवशी रेक्झिन कापायला घेतले. मी रेक्झिन उलटे पसरले, बोर्डही उलटा ठेवण्याऐवजी सुलटा ठेवला, भोवती तीन सेंटिमीटर जास्त सोडून खडूने रेघ मारली आणि छान सरळ कापले. अब्बा बघत होते. कापून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "उजव्या दाराचं झालं."

आरशात बघितल्यासारखी चूक. मला रागच आला, "मग आधी का नाही बोललात?" ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस. आणि उजवं दार पण करायचंच आहे." वर्गात मी मुलांना चूक करायच्या आधीच थांबवते. ती सवय चांगली की वाईट, यावर मी त्या दिवसापासून विचार करते आहे.

चिकटवायला पांढरे फेविकॉल चालत नाही. ते पाण्याचे असते, बोर्ड ओला होतो आणि रेक्झिन धरत नाही. त्याला रबराचे पिवळे सोल्युशन लागते. दोन्ही बाजूंना पातळ लावायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासे झाले की मगच एकावर एक ठेवायचे. आणि एकदा ठेवले की हलत नाही. ते उघड्या हवेतच लावावे, चूल किंवा गॅस जवळ नसावा, लहान मुले तर नकोतच. भडकन पेट घेते, आणि वास डोक्यात जातो. रेक्झिन आधी थोडा वेळ उन्हात ठेवले की मऊ पडते आणि वळणावर बसते. मधून सुरुवात, मग कडांकडे.

कडा ओढायची वेळ आली तेव्हा मला ताण जमेना. एकीकडे ओढावे तर दुसरीकडे सुरकुती. अब्बा बाजेवरून उतरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे हात मांडीवर असताना थरथरत होते. त्यांनी रेक्झिनची कड चिमटीत धरली, ओढली, आणि थरथर जवळजवळ थांबली. डॉक्टरांनी मला पूर्वी सांगितले होते की या आजारात स्वस्थ हात जास्त थरथरतो, कामाला लागला की कमी. मी ते ऐकले होते. पाहिले त्या दिवशी. कोपऱ्यात त्यांनी कात्रीने तीन छेद दिले आणि चुण्या मागे अशा बसवल्या की पुढून कोपरा गोल, गुळगुळीत.

मी विचारले, "अब्बा, मला का नाही शिकवलं हे?"

बराच वेळ त्यांनी उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "तीस वर्षं जमिनीवर बसलो. डोळ्यांसमोर कायम लोकांच्या चपला. पैसे बुडवायचे असं नाही, द्यायचे. पण वरून द्यायचे." थोडे थांबून म्हणाले, "आणि हे सोल्युशन. रात्री तुझी अम्मी जेवायला वाढायची, मला चव लागायची नाही. वाटलं, पोरीने खुर्चीवर बसावं."

"आता मी पण जमिनीवरच बसलेय."

"अपनी गाडी के वास्ते बैठी. वो अलग."

मला उत्तर सुचले नाही. खुर्चीवर बसून मी पंधरा वर्षे मुलांना श्रमाचे मोल या विषयावर निबंध लिहायला देत आले आहे.

रंगाचे काम अब्बांना माहीत नव्हते, त्यात मीच मास्तर. हाताचा आधार, खालचा खिसा आणि कडीभोवतीची वाटी हे सगळे राखाडी प्लास्टिक उन्हाने पांढुरके झाले होते. मी रंगाचा स्प्रे आणला आणि भर दुपारी मारला. दोन चुका एकदम झाल्या. मेच्या उन्हात रंगाचे थेंब हवेतच सुकले आणि खरखरीत, वाळू शिंपडल्यासारखे बसले. आणि अस्तर दिलेच नव्हते. आधीच्या मालकाने चमकण्यासाठी लावलेले सिलिकॉनचे पॉलिश प्लास्टिकवर होतेच; तिसऱ्या दिवशी नखाने रंग कांद्याच्या सालीसारखा निघाला. अब्बा काही बोलले नाहीत, पण हसले. मग सगळे भांड्याच्या साबणाने दोनदा धुतले, सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासले, वाळवले. तुकड्याच्या मागे पीपी अशी अक्षरे उमटलेली होती. त्या प्लास्टिकवर साधा प्रायमर धरत नाही, त्यासाठीचा वेगळा मिळतो तोच घ्यावा लागतो. तो देऊन, फजरनंतर ऊन चढायच्या आत, वीतभर लांबून, पातळ तीन हात. या वेळी टिकला.

एक सांगून ठेवते. नव्या गाड्यांच्या दारात काचेची मोटर, स्पीकर, वायरी असतात, काहींत एअरबॅगचे सेन्सरही. तिथे माझ्यासारख्यांनी ओढणीची पट्टी घेऊन बसू नये.

पुढची दोन दारे दहा दिवसांत झाली. मागचे डावे दार माझ्या लेकीने केले, अब्बा तिला शिकवत होते. तिला कात्री नको म्हणाले नाहीत. मागचे उजवे त्यांनी स्वतःच हट्टाने केले, दोन दिवस लावून. त्याच्या एका कोपऱ्यात चुणी राहिली आहे. उखडून पुन्हा करू म्हणत आहेत, मी करू देत नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मगरिब होऊन गेली होती. मी बॅटरी घेऊन अंगणात गेले, दार उघडले, बोर्डाच्या खालच्या कडेमागे बोट घातले. कोरडे. खाली वाकून पाहिले. आतून अब्बांची हाक आली, "पानी नीचे से निकल्या क्या?"

दाराच्या तळाच्या भोकांतून बारीक धार लागली होती.

"निकल्या, अब्बा."