वावडे आणि माया

लखनौचा हिवाळा कडक. धुके दाटले की दारे-खिडक्या मिटतात आणि घरातील हवा घरातच कोंडून राहते. त्या हवेत आमच्या मोतीचाही वाटा असतो. मोती हा आमचा कुत्रा. आणि मला तर कुत्र्यांचेच वावडे! डिसेंबर उजाडला की शिंका आणि डोळ्यांची चुरचुर सुरू होते.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. आपण दोष केसांना देतो. वस्तुतः कुत्र्याची लाळ व कातडीचा कोंडा यांतील प्रथिनांना शत्रू समजून शरीर झुंजत असते. म्हणूनच आखूड केसांचा कुत्रा आणल्याने हा प्रश्न सुटत नाही.

मोतीला दुसरीकडे धाडा, असे हितचिंतक सुचवितात. आम्ही त्याऐवजी मर्यादा आखल्या. निजण्याची खोली त्याला वर्ज्य. गालिचा काढून टाकला. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसायची. त्याला न्हाऊ घालणे, विंचरणे ही कामे मुलीची, तीही अंगणात. दुपारी ऊन पडले की खिडक्या उघडायच्या. डॉक्टरांचे औषध आहेच.

पत्नीची अट मात्र एकच: छातीत घरघर होऊ लागली, दम लागला, की मोतीसाठी नवे घर शोधायचे. दम्यापुढे मायेचा हट्ट चालवू नये, हे मलाही पटते. मुलीने ही अट मुकाट्याने ऐकून घेतली.

अजून ती वेळ आलेली नाही. रात्री मोती दाराच्या पलीकडे निजतो. त्याचा श्वास मला ऐकू येतो. माझा मोकळा श्वासही त्याला ऐकू जात असावा.