विनामूल्य

भिलाईतले एकटेपण हे गावातल्या एकटेपणाहून निराळ्या जातीचे आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सर्व प्रांतांतली माणसे इथे आली. गोतावळा गावी ठेवून ती आली होती. सेक्टरमधल्या क्वार्टरांत त्यांना जो शेजार लाभला, तो कारखान्यातल्या पाळीचा शेजार होता. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटते आणि हा शेजारही पांगतो. मुले दूरच्या शहरांत असतात. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेल्या, जोडीदार गमावलेल्या माणसाने नवी सोबत शोधावयाचे ठरवले, तर स्थळ सांगायला येणारे कोणी उरलेले नसते.

माझ्या परिचयाच्या एक बाई गणित शिकवतात. वय चौपन्न, पती जाऊन सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी त्यांनी फोनवर तीन विनामूल्य डेटिंग ॲप उतरवून घेतली आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्ही जन्मभर पुस्तके निवडत आलात. यातले कोणते ठेवू, ते सांगा." प्रश्न थट्टेच्या सुरात होता, मला तो गंभीर वाटला. निवड म्हटली की निकष आले, आणि या बाबतीत आपल्या साहित्याने आपल्याला फारसे निकष दिलेले नाहीत.

देवलांच्या 'संगीत शारदा'ने १८९९ मध्ये थेरड्या नवरदेवाचे हसे केले. वधू बालिका होती, तेव्हा ते हसू न्याय्यच होते. परंतु पुढे ते प्रत्येक पिकल्या केसाला चिकटले. त्याआधी १८९३ मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. तो विवाह आपण समाजसुधारणेचा अध्याय म्हणून वाचतो. दोन माणसांची सोबत म्हणून क्वचितच वाचतो. भाषेचीही तीच कथा. पुरुषाला 'बिजवर' हा शब्द आहे. स्त्रीसाठी त्या तोलाचा शब्द रूढ नाही. तिला 'विधवा' किंवा 'घटस्फोटिता' म्हणूनच पुढे यावे लागते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पाट लागत असे, छत्तीसगडात चुडी घालून स्त्री दुसऱ्या घरी नांदायला जाई. उच्चवर्णीयांनी या रीती हलक्या मानल्या. पण त्यांत चार माणसे साक्षीला उभी असत.

ॲपमध्ये नेमकी ही साक्ष नसते. २०१६ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वापरणाऱ्याची ओळख पडताळावी, आणि हे स्थळ केवळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असे जाहीर करावे, असे त्यांत सांगितले होते. डेटिंग ॲप अर्थातच त्या चौकटीबाहेर राहिली. शिवाय 'विनामूल्य' या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. नाव नोंदवणे आणि चेहरे पाहणे फुकट असते. आपल्याला कोणी पसंत केले, हे कळण्यासाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. सोबत मिळून माणूस निघून गेला, तर ॲपचे गिऱ्हाईक तुटते. उत्सुकता जागती ठेवणे, हेच त्याच्या हिताचे असते.

याच शब्दाचा दुसरा अर्थ अहमदाबादेत दिसतो. २००१ च्या भूज भूकंपानंतर नटूभाई पटेल यांनी एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी जोडीदार शोधण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी मेळावे भरवले. संस्थेचे नाव 'विना मूल्य अमूल्य सेवा'. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ काढले. तिथे माणूस माणसासमोर बसतो, आणि ज्याला जाब विचारता येईल असा कोणीतरी त्या सभागृहात असतो.

भिलाईत असे सभागृह नजरेत नव्हते; तेव्हा ॲप निवडण्याचे चार निकष मी बाईंना सांगितले. आपण किती किलोमीटरवर आहोत, हे ॲप दाखवते काय, आणि ते लपवता येते काय? या नगरात दोन किलोमीटर म्हणजे आपलाच विद्यार्थी असू शकतो. छायाचित्राखेरीज लिहायला ते किती जागा देते? नको झाले तर खाते पुसून निघून जाता येते काय? चौथा निकष समोरच्या माणसासाठी : भेटण्याआधीच जो पैशाची अडचण सांगतो, त्याचे पान तिथेच मिटावे, फसवणूक झालीच, तर १९३० हा सरकारी क्रमांक आहे.

तिन्हींपैकी त्यांनी लिहायला अधिक जागा देणारे ॲप ठेवले. आपला परिचय प्रथम त्यांनी 'पती निवर्तले' असा आरंभला होता. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यांनीच तो खोडून लिहिले : 'मी गणित शिकवते. संध्याकाळी बोलत बोलत चहा घ्यायला मला आवडते.' मुलाला ते रुचले नाही, "लोक काय म्हणतील?" असे तो फोनवर म्हणाला. बाई म्हणाल्या, "म्हणू देत. संध्याकाळी येतंय कोण?"

एका सेवानिवृत्त गृहस्थांशी मैत्री बागेत, दिवसाउजेडी, त्यांच्या दोन भेटी झाल्या आहेत. पुढचे मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा अधिकारही मला नाही. ॲपने यासाठी पैसे घेतले नाहीत, हे खरे. परंतु चौपन्नाव्या वर्षी आपल्याविषयी दोन वाक्ये नव्याने लिहिण्याची किंमत बाईंनीच मोजली, आणि ती थोडी नव्हती.