पद्मतीर्थ की रामकुंड

वाशिम

चि. सायलीस,


आईच्या अस्थी नाशिकला रामकुंडावर न नेता पद्मतीर्थावर का सोडल्या, हे तू फोनवर विचारलंस आणि उत्तर राहून गेलं. मधेच तुझी आत्या बोलायला लागली, मग दुसऱ्या कुणाला संधी मिळते होय? शिवाय तू हेही विचारलंस, की साचलेल्या तळ्यात राख टाकणं बरं का. हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण त्यांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. म्हणून सवडीनं लिहितो आहे.

पहिलं कारण साधं. आईनं स्वतः सांगून ठेवलं होतं. "मले कायले नाशिकले नेता बाप्पा, इथंच सोडजा." हे ती आजारपणात नव्हे, चांगली हिंडती-फिरती असताना म्हणायची. आत्याला वाटतं, आम्ही खर्च आणि दगदग वाचवली. तसं नाही. आईचा पद्मतीर्थावर विश्वास होता, आणि तो लहानपणापासून ऐकलेल्या कथांतून आलेला होता.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वत्स ऋषींनी इथं तप केलं, देव जमले, आणि गावात एकशे आठ तीर्थं झाली, असं माहात्म्य सांगतं. त्यातलं पद्मतीर्थ विष्णूनं निर्माण केलेलं. दुसरी कथा वासुकी राजाची. त्याला कुष्ठ होतं, गावाबाहेरच्या डबक्यात तो बरा झाला आणि त्यानं त्या डबक्याचं मोठं तळं करवून घेतलं, तेच पद्मतीर्थ. कारंज्याचीही कथा याच वळणाची आहे. करंज ऋषी व्याधीनं गांजले, अंबेला शरण गेले, देवीनं तळं निर्माण केलं आणि त्यात न्हाऊन ते बरे झाले. ते ऋषी तलाव आजही आहे. आपल्या जिल्ह्यातल्या या दोन्ही कथांत नदी नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? रोग आहे, तळं आहे आणि बरं होणं आहे.

याचं कारण मला भूगोलात सापडतं. इतिहासात हे गाव मोठं. पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची इथं राजधानी होती, आणि तिच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. पण एवढ्या राजधानीला काठ देणारी मोठी नदी नाही. आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर बसलो आहोत. इथून नद्या निघतात आणि इथूनच निघून जातात. पाऊस पडला की पाणी उताराला लागतं. ते अडवायचं तर तळं आणि विहीर हवी, आणि ती शुद्ध ठेवायची तर तिला तीर्थ म्हणायला हवं. एकशे आठ हा आकडा पुराणाचा आहे, पण पठारावरच्या गावाला पाण्याच्या जागा मोजून ठेवण्याची गरज होती, हे मला पटतं. भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बालाजीचं देऊळ बांधलं, तेव्हा शेजारी देव तलावही झाला. देऊळ म्हटलं की तळं आलंच, हा हिशेब त्या काळापर्यंत कुणाला समजावून द्यावा लागत नव्हता.

आता काटा गावाकडे ये. इथून जवळच. त्या परिसरातल्या टेकड्यांतून काटेपूर्णा निघते आणि उत्तरेला जाते. मालेगाव तालुक्यातून अकोल्याकडे, तिथल्या लोकांना पिण्याचं पाणी देऊन पूर्णेला, पूर्णेबरोबर चांगदेवाजवळ तापीला, आणि सुरतेकडून अरबी समुद्राला. त्याच बाजूनं पूस निघते ती आग्नेयेला, पुसदवरून पैनगंगेत. म्हणजे एकाच ढगाचं पाणी काट्याच्या अलीकडे पडलं की पलीकडे, यावर ते गुजरातेत जाणार की आंध्रात, हे ठरतं. मला हे कळलं तेव्हा मी शाळकरी होतो आणि काही दिवस मी पावसात थुंकायचोसुद्धा नाही.

वाशिम गावाचा उतार दक्षिणेला, पैनगंगेकडे आहे. हिंगोलीच्या रस्त्यानं गेलीस तर कन्हेरगाव नाक्याजवळ पूल लागतो, तो तिचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या डोंगरात ती उगम पावते, मेहकरला शार्ङ्गधर बालाजीच्या पायथ्यानं येते आणि रिसोड तालुक्यात आपल्या जिल्ह्यात शिरते. ब्रह्मपुराणात ब्रह्मदेवाच्या यज्ञातल्या प्रणीता पात्रातल्या पाण्याची नदी झाल्याची कथा आहे. मेहकरकडची मंडळी म्हणतात, ती हीच. एकेकाळी ही नदी सरहद्दही होती. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड, पलीकडे निजाम. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. स्नानाला मात्र दोन्हीकडचे लोक त्याच पाण्यात उतरत.

आज तिची तब्येत मिश्र आहे. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत तिच्यावर अकरा बॅरेज झाले. पावसाळा सरला की दारं लावतात आणि पाणी पायरीपायरीनं साचून राहतं. ज्यांची शेतं काठाला आहेत त्यांचा हरभरा, गहू त्यावर होतो, आणि सोयाबीननंतर दुसरं पीक म्हणजे काय हे कोरडवाहूवाल्याला विचार. पण साचलेली नदी आणि वाहती नदी यांत फरक असतो. वाहत्या पाण्यात हवा मिसळते, गाळ पुढे सरकतो, मासा वर-खाली जातो. दारं लावली की हे थांबतं, आणि वाळू उपसली की पात्राखालचं पाणी धरून ठेवणारा थरच जातो. मी बॅरेजच्या विरोधात नाही. फक्त शेतीला पाणी मिळालं म्हणजे नदी बरी झाली, हे म्हणणं मला मान्य नाही. पुढे उमरखेड-किनवटच्या बाजूला तिच्या दोन्ही काठांचं जंगल अभयारण्य म्हणून राखलं आहे. सहस्रकुंडाला ती खडकावरून कोसळते, काठावर महादेव आहे. तिथं तिला पाहिलंस तर आपल्याकडची तीच ही, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

मग ती वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळाली की पुढे प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ, काळेश्वरासमोर, गोदावरीला. 2022च्या एप्रिलमध्ये तिथं प्राणहितेचा पुष्कर भरला होता. बारा वर्षांनी येतो, सिरोंच्याला मोठी गर्दी झाली होती. त्या गर्दीनं ज्या पाण्यात बुड्या मारल्या त्यात आपल्या रिसोड-वाशिमचाही वाटा होता. आत्याला मी हेच सांगितलं. रामकुंडातलं गोदावरीचं पाणी आणि आपल्या उताराचं पाणी शेवटी काळेश्वराला एकच होतं, मग आईला आधी नाशिकला नेऊन काय साधणार होतं? ती म्हणाली, "नदीचं ठीक, पण तळ्यातलं पाणी कुठे जातं?" प्रश्न बरोबर आहे, आणि तो तुझ्याच प्रश्नाशी येऊन मिळतो.

तळ्यातलं फारसं कुठे जात नाही. हाडांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. एका घरची मूठभर राख तळ्याला जड होत नाही. गावभराची राख, त्यावर हार, कापड, प्लास्टिकच्या पिशव्या आणि प्लास्टरच्या मूर्ती, असं वर्षानुवर्षं साचलं तर होते. शेवाळ वाढतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. ज्या पाण्यानं राजा बरा झाला म्हणून ते तीर्थ, तेच पाणी आजारी पाडायचं आणि वर पुण्य मागायचं, हे मला जमलं नाही. तुमच्या नेदरलँड्समध्ये पाण्याच्या कारभारासाठी वेगळी मंडळं मतदानानं निवडतात म्हणे. आपल्याकडे त्या जागी पूर्वी कथा होत्या. कथा अजून चालू आहेत, पण त्यांच्याबरोबरची शिस्त उरलेली नाही.

म्हणून आम्ही असं केलं. आईच्या इच्छेप्रमाणे अस्थींचे थोडे तुकडे पद्मतीर्थात सोडले, कापड आणि हार घरी परत आणले. उरलेली राख शेतात नेली, बांधावर खड्डा घेऊन त्यात मिसळली आणि वर आंबा लावला. आता बऱ्याच गावांत लोक असं करतात. गुरुजींनी हरकत घेतली नाही. दक्षिणाही पूर्ण घेतली.

आत्या मात्र अजून रुसलेली आहे. येत्या सिंहस्थाला नाशिकला जाऊन ती आईच्या नावानं तर्पण करणार आहे. मी बरोबर जाईन, वाद घालणार नाही. तुला ती या आठवड्यात फोन करेल. उचल, आणि काळेश्वराची गोष्ट तू सांग. माझ्या तोंडून तिला ती पटत नाही.

तुझा,
काका